मधली बॅटरी

खंडेनवमीला पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, हा कृष्णाजींच्या घरचा कायदा. चाळीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून घासलेल्या माणसाचा कायदा तो, त्याला अपील नाही. पकड, पाने, टेस्टर, मीटर, बॅटरीची ग्रॅव्हिटी बघायची काचेची नळी, सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, वर झेंडूची फुलं ठेवायची. उचलायचं ते दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नमस्कार करून. मधल्या वेळात घराचं छप्पर खाली आलं, तरी कृष्णाजी हातोडी उचलणार नाहीत, दोन्ही हातांनी छप्पर धरून उभे राहतील.

आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या मुलीला, महानंदाला, ती काचेची नळी हवी होती.

महानंदा एकोणतीस वर्षांची. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायात कॅलिपर. माणसं मूळची निपाणीची, पण बेंगळुरात राजाजीनगरला येऊन पंचवीस वर्षं झालेली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. वडील कृष्णाजी म्हणजे अण्णा, आई गंगव्वा म्हणजे अव्वा, आणि ती. चौथं कोणी म्हणायचं तर गाडी.

ती गाडी अण्णांनी स्वतः बांधली होती. मोडीतल्या एका मोपेडचं इंजिन काढून फेकलं, तिथं मोटर बसवली, मागं तोल सांभाळायला दोन जादा चाकं लावली आणि सीटखाली फळ्यांच्या खोक्यात तीन बॅटऱ्या ठेवल्या. पेट्रोल नाही, किक नाही, आवाज नाही. रस्त्यावरची माणसं मान वळवून बघायची, आणि अण्णांना ते फार आवडायचं. चार वर्षांपूर्वी बसच्या पायरीवरून पडून महानंदाचं मनगट मोडलं होतं. त्यानंतर दोन वर्षं ती घरात बसून होती. गाडी आली आणि ती इंदिरानगरला नोकरीला लागली. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या टेप कानाला लावून ऐकायच्या आणि टाइप करायच्या. जाऊन-येऊन सव्वीस किलोमीटर. घरी रात्रभर चार्जर लावला की दुसरा दिवस निघायचा. ऑफिसच्या इमारतीच्या मालकानं खाली प्लग द्यायला साफ नकार दिला होता, तेव्हा जे काय भरायचं ते घरीच.

दोन वर्षं गाडीनं कधी दगा दिला नव्हता. या नवरात्रात मात्र काय बिनसलं कोण जाणे. मंगळवारी संध्याकाळी परत येताना शेषाद्रिपुरमला बंद पडली. शुक्रवारी तर जातानाच, अलसूरच्या तळ्यापाशी. महानंदा ऑटो करून अडीच तास उशिरा ऑफिसात पोचली आणि अण्णांनी टेम्पो करून गाडी घरी आणली. लोक बघत होते, या वेळेला वेगळ्या नजरेनं. टेम्पोतून उतरले तेव्हाच अण्णांचा चेहरा काळवंडला होता.

"तिसऱ्यांदा बंद पडली की मी माझ्या हातानं मोटर उतरवणार," संध्याकाळी ती घरी आल्यावर ते म्हणाले. "रस्त्यात, ट्रकांच्या मधे, पाय असा असताना तू उभी राहायचीस, हे मला बघवत नाही. नोकरी नको नि काही नको."

शनिवारी त्यांनी किल्लीच दिली नाही, आणि रागाच्या भरात बॅटऱ्यांचं खोकंही उघडलं नाही.

आता आज रविवार, नवमी. सकाळी दहाला पूजा झाली. गाडीला केळीचे खुंट बांधले, चाकाखाली लिंबं ठेवली, रस्त्यावर कोहळा फुटला. आणि अकराला फोन वाजला.

फोन निहारचा. निहार म्हणजे तिचा मॅनेजर, पुण्याहून आलेला, सत्तावीस वर्षांचा, वाईट मुलगा नव्हे, पण घाईचा.

"महानंदा, उद्या सातची शिफ्ट आहे, लक्षात आहे ना? क्लायंटला दसरा-बिसरा काही नसतो. आणि हे बघ, पर्मनंटची लिस्ट मला उद्याच पाठवायचीये. सातजणींतल्या सहा. वरून सांगितलंय, सातला जी सीटवर असेल तिचं नाव टाक. तू शुक्रवारी लेट, शनिवारी अ‍ॅबसेंट. आय मीन, मी तुझ्यासाठी बोललोय, पण उद्या प्लीज."

"येते," महानंदा म्हणाली.

तिनं फोन ठेवला आणि पडवीत जाऊन गाडीकडं बघत उभी राहिली. ऑटोचा विचार मनात आला नव्हता असं नाही. पण दसऱ्याच्या सकाळी सहाला बेंगळुरात ऑटो शोधायचा म्हणजे केळीच्या खुंटातून ड्रायव्हर उपटून काढावा लागणार. आणि मिळाला तरी तो उद्यापुरता. परवाचं काय, तेरवाचं काय. गाडी गेली की आपण परत या दोन खोल्यांत, हे तिला सरळ दिसत होतं. ती दोन वर्षं तिला आठवली. दुपारी खिडकीत बसून समोरच्या घरातल्या दोऱ्यांवरचे कपडे मोजायची ती.

जेवण करून अण्णा बाहेर पडले. जुन्या कारखान्यात आयुधपूजेला रिटायर झालेल्यांनाही बोलावणं असतं, आणि ते एकही वर्ष चुकवत नाहीत. फाटक वाजलं, आणि महानंदा उठून पाटापाशी गेली. काचेच्या नळीवरचं झेंडूचं फूल तिनं बाजूला ठेवलं, हात जोडले, नळी उचलली. मग दहाचा पानाही उचलला. कायदा एकदा मोडला काय, दोनदा मोडला काय.

"काय करालीस?" अव्वा स्वयंपाकघराच्या दारात होती.

"बॅटरी बघते."

"आज नको. अण्णा काय म्हणतील?"

"अण्णांचं अण्णांना. उद्या सातला पोचायचंय मला."

"अगं, गाडीची पूजा झालीय. खोकं उघडू नकोस, नंदा. स्वल्प ऐक माझं. उद्या सकाळी उघड."

अव्वा सहसा कुणाला अडवणारी बाई नव्हती. नऊ दिवसांच्या उपासानं वाळलेली, साखरेच्या आजारानं थकलेली, ती आज पदराचं टोक मुठीत धरून दारात उभी होती. महानंदाला नवल वाटलं, पण नवल करत बसायला वेळ नव्हता. तिनं सीट उचलली.

काम तिला माहीत होतं. अण्णा करताना दोन वर्षं बघत आली होती. एकेका बॅटरीत सहा घरं, प्रत्येक घराला एक बूच, तीन बॅटऱ्यांची अठरा. बूच काढायचं, नळीचं रबरी टोक आत घालायचं, वरचा फुगा दाबून सोडायचा, की आम्ल नळीत चढतं आणि त्यात आकड्यांची कांडी तरंगते. कांडी वर तरंगली तर ते घर भरलेलं, खाली बसली तर रिकामं. खडूनं ती तांबड्या फरशीवर आकडे लिहीत गेली. हात भाजू नये म्हणून शेजारी सोड्याचं पाणी ठेवलं होतं.

पहिली बॅटरी: बाराशे साठ, बाराशे साठ, बाराशे पंचावन्न, पुढंही तसंच. ठणठणीत. तिसरी: तीच गत, बाराशे साठच्या आसपास. मग मधली. नळी भरली आणि कांडी तळाला जाऊन टेकली. अकराशे पन्नास.

मेली ही बॅटरी. एक बॅटरी मेली म्हणजे नवी आणायची, आणि आज नि उद्या दुकानं बंद. तिनं दुसरं बूच काढलं. अकराशे पन्नास. तिसरं. अकराशे पन्नास. चौथं, अकराशे पंचेचाळीस. पाचवं, सहावं, तेच.

ती थांबली. पुन्हा एकदा सहाही घरं तपासली. आकडे हलले नाहीत.

तेवढ्यात फाटक वाजलं. अण्णा. कपाळावर कारखान्यातलं कुंकू, हातात चुरमुऱ्यांची पुडी. त्यांची नजर आधी पाटावर गेली, मग रिकाम्या जागेवर, मग मुलीच्या हातातल्या नळीवर.

"शरम आहे का काही?" ते शांतपणे म्हणाले, आणि हे वाईट लक्षण होतं. "चाळीस वर्षांत आजच्या दिवशी ह्या घरात—"

"अण्णा, आकडे बघा. मग काय बोलायचं ते बोला."

"आकडे काय बघायचेत? मधली गेली. दुकानदारानं जुना माल चिकटवला. मला संशय होताच."

"गेलेल्या बॅटरीचं एक घर जातं. तुम्हीच सांगत आलाय. एकात आकडा पडतो, बाकीची पाच बरी असतात. इथं सहाही सारखी आहेत. अगदी सारखी. ही आजारी नाही, अण्णा. ही उपाशी आहे."

अण्णा वाकले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फरशीवरचे आकडे वाचले, मग पुन्हा वाचले. माणूस रागीट होता, पण विजेच्या बाबतीत खोटं बोलणारा नव्हता.

"तिन्ही एका ओळीत जोडलेल्या," ते पुटपुटले. "जाताना तिघींतनं सारखंच जातं. भरताना सारखंच भरतं. मग एकटी मधलीच कशी रिकामी होईल? मधे कुणीतरी खाल्ल्याशिवाय होणार नाही."

"कोण खाणार? उंदीर?"

"उंदराला वीज पचत नाही."

महानंदानं बॅटरी उजेडाकडं वळवली. शिशाची टोकं तीनही बॅटऱ्यांची काळी पडलेली. पण मधल्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चकचकीत ओरखडे होते, बारीक, एकसारखे. चिमट्याच्या दातांचे. कुणीतरी रोज चिमटा लावत होतं आणि रोज काढत होतं.

असा चिमटा घरात एकच होता. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी करंट जायचा, तेव्हा अण्णांनी दोन चिमटे, लांब वायर आणि गाडीच्या मागच्या दिव्याचा छोटा बल्ब अशी एक जोडणी करून दिली होती. लाल चिमटा बॅटरीच्या लाल खुणेला, काळा काळ्याला, की उजेड. पावसाळ्यात ती माळ्यावर गेली होती. महानंदानं मान वर करून बघितलं. माळ्यावर ती नव्हती.

पडवीची खिडकी देवघरात उघडते. खिडकीच्या चौकटीतून एक काळी वायर आत गेली होती, झेंडूच्या माळेच्या आड. इतके दिवस येता-जाता ती माळ दिसत होती, वायर नाही. महानंदा पाय ओढत आत गेली. घटाच्या मागं, जिथं तेलाचा अखंड दिवा तेवत होता, त्याच्या पाठीशी तो बल्ब उभा करून ठेवला होता. त्याच्याही काचेवर कुंकवाचा टिळा होता.

"अव्वा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "हे तू केलंस?"

अव्वा भिंतीला टेकली आणि सावकाश खाली बसली.

"रोज रात्री? आठ रात्री? मी निजल्यावर?"

"बारका बल्ब गं. एवढासा. तो काय खाणार आहे, वाटलं मला."

"रात्रभर खातो तो. आणि चार्जर बिचारा रात्रभरात दिवसाची तूट जेमतेम भरतो. कडेच्या दोघी पोटभर जेवल्या आणि मधली रोज थोडी थोडी उपाशी राहिली. मंगळवारी म्हणून बंद पडली, शुक्रवारी म्हणून पडली. मी अलसूरला भर रस्त्यात उभी होते, अव्वा. ट्रकवाला हॉर्न मारत होता आणि मला बाजूला होता येत नव्हतं. तुझ्या देवाला एक दिवा पुरत नाही का?"

बोलायला नको होतं ते बोलून झालं. महानंदाला ते कळलं, पण राग इतका होता की तिला माफी मागावीशी वाटेना.

अव्वा जमिनीकडं बघत होती. बोलली तेव्हा तिनं सुरुवात भलतीकडूनच केली.

"निपाणीला होतो आपण. तू दोन वर्षांची. नवरात्रात सहाव्या माळेला मला झोप लागली. दिवसभर तंबाखूच्या वखारीत काम, रात्री दिव्याला जागायचं. पहाटे डोळा उघडला तर दिवा विझलेला. घरात कुणी उठलं नव्हतं. मी काडी ओढली, परत लावला, कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना नाही, ह्यांना नाही. चौथ्या दिवशी तुला ताप चढला. मग तो पाय." ती थांबली. "सत्तावीस वर्षं झाली. आता माझं शरीर साथ देत नाही. दहाला डोळे मिटतात, मेल्यागत. म्हणून पाठीशी तो बल्ब ठेवला. तेलाचा गेलाच तर उजेड तरी राहू दे देवापुढं. तुझ्यासाठीच ठेवला गं."

अण्णा दारात उभे होते. एवढी वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवले, तिच्या पोटात हे होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. महानंदाचा राग कुठं गेला ते तिला कळलं नाही.

"सरी, असू दे," अण्णा खाकरून म्हणाले. "हे नंतर. आधी बॅटरी."

पण भरणार कशानं? काल संध्याकाळी रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता आणि अख्खा भाग बिनकरंटचा होता. लाइनमन काय, तोही आज पूजेत. चार्जर भिंतीशी नुसता पडून होता. साडेतीन वाजले होते.

"मधलीला भरायला वीज नाही," महानंदा म्हणाली, "पण कडेच्या दोघी भरलेल्या आहेत."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. मग पहिल्यांदाच त्या दिवशी त्यांच्या मिशा हलल्या.

"दोघींतलं काढून तिसरीला घालायचं म्हणतेस."

"तिघी सारख्या झाल्या तर तिघी मिळून ओढतील. भरलेल्या नसल्या तरी चालेल. एकटीनं गुडघे टेकायला नकोत."

"जाऊन-येऊन पुरेल का? काठावर आहे. अगदी काठावर."

"काठावर तर काठावर."

अण्णा पाटापाशी गेले, हात जोडले, ओठातल्या ओठात देवीशी काहीतरी बोलले. "उद्या दोन नारळ देईन," एवढं ऐकू आलं. मग त्यांनी पकड उचलली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तिघींमधल्या पट्ट्या सोडवल्या. कडेच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या, आणि त्यांच्यातून मधलीला वीज द्यायची वाट केली. सरळ जोडली असती तर तारा वितळल्या असत्या, म्हणून वाटेत गाडीचा पुढचा मोठा दिवा घातला. तो जेवढं पिऊ देईल तेवढंच मधली पिणार. अण्णांनी शेवटचं टोक टेकवलं आणि पडवीत दिवा लख्ख पेटला.

"अव्वाचा दिवा खिडकीपासून लांब राहू दे," अण्णा म्हणाले. "बॅटरीतून गॅस सुटतो. इथं ज्योत नको."

मग सुरू झालं ते वाट बघणं. दर अर्ध्या तासानं महानंदा नळी घालायची आणि खडूनं आकडा लिहायची. मधली अकराशे साठ. कडेच्या बाराशे पन्नास. मधली अकराशे सत्तर. तासभर काही हललंच नाही, तिला वाटलं आपण मूर्ख आहोत, उद्याचंही घालवून बसलो. अण्णा तारा चाचपून बघायचे, कुठं तापत नाही ना. पाच वाजले, सहा वाजले. बाहेर पोरं फटाके उडवत होती. साडेसातला अण्णांनी मधल्या बॅटरीची सहाही बुचं तपासली आणि मग कडेच्या दोघींची. बाराशे पाच, बाराशे पाच, बाराशे दहा.

"बास," ते म्हणाले आणि दिव्याची तार काढली. पडवीत अंधार झाला.

त्या अंधारात अव्वाचा आवाज आला. "आज शेवटची रात्र आहे. बल्ब नको म्हणतेस ना?"

"नको, अव्वा. त्यातला थेंबही कमी पडायला नको."

"मग मी जागते," अव्वा म्हणाली.

पहाटे पाचला महानंदा उठली. कॅलिपर बांधलं, तोंड धुतलं आणि नमस्कार करायला देवघरात आली. तिथं काळोख होता. अव्वा घटासमोर बसलेली, डोळे टक्क उघडे, मांडीवर काड्याची पेटी. समईत तेल होतं, वात होती, ज्योत नव्हती.

"मी झोपले," अव्वा म्हणाली. "किती वेळ, मला माहीत नाही. नंदा, आज जाऊ नकोस. तुझ्या पाया पडते मी. दिवा गेलाय, आज जाऊ नकोस."

त्या बाईला जी भीती वाटत होती ती नाटकी नव्हती, सत्तावीस वर्षं जुनी होती, आणि महानंदाच्याही अंगावर काटा आला. गाडी काठावर. रस्ता तेरा किलोमीटर जायचा, तेरा यायचा. आणि खरंच काही झालं तर? रस्त्यात थांबली तर ही बाई उरलेला जन्म काय घेऊन जगेल?

अव्वानं काडी काढली. महानंदानं तिचं मनगट धरलं.

"लावू नकोस."

"काय बोलालीस?"

"मागल्या वेळी गुपचूप लावलास आणि सत्तावीस वर्षं भोगत बसलीस. या वेळी लावायचा नाही. असाच राहू दे. मी जाते आणि येते. मी परत आल्यावर लाव."

"नंदा—"

"मला काय होतंय ते बघू तरी एकदा."

बोलली ती, पण तिचे स्वतःचे पाय गार पडले होते, चांगला पायही. मागं अण्णा उभे होते. आता ते ओरडणार, असं दोघींनाही वाटलं. अण्णांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि मुलीच्या हातावर ठेवली.

सकाळी सहाला रस्ते मोकळे होते. फुटलेल्या कोहळ्यांवरून आणि कुंकवावरून चाकं जपून नेत ती गेली. हॉर्न वाजवला नाही. उतारावर मोटर बंद करून गाडी नुसती सोडून दिली. अलसूरच्या तळ्यापाशी तिनं श्वास धरला होता, तळं मागं गेल्यावर सोडला. सातला दहा कमी असताना ती खुर्चीत बसली. निहारनं यादीत नाव लिहिलं, अंगठा वर केला. ती हसली, पण कानाला टेप लावून टाइप करताना तिच्या डोळ्यांपुढं ती समई होती. घरी फोन करावा असं दोनदा वाटलं. काय सांगायचं? अजून अर्धा रस्ता बाकी होता.

तीनला निघाली. येतानाचा रस्ता चढाचा. ऊन होतं, रस्त्यावर आता हार घातलेले ऑटो आणि लॉऱ्या. अलसूर गेलं. त्यापुढचे सिग्नल गेले. शेषाद्रिपुरमच्या चढाला गाडीचा जोर ओसरला. सायकलवाला मागून येऊन पुढं गेला. मोटरची गुणगुण जड झाली, वेग पायी चालणाऱ्याएवढा. महानंदा पुढं वाकली, जणू आपल्या वजनानं काही फरक पडणार होता. चल गं बाई, ती पुटपुटली, थोडं राहिलंय. मागून ट्रकचा हॉर्न वाजला. तिनं मागं बघितलं नाही. गाडी थांबली नाही. तिघींनी मिळून ओढत ओढत, रडत-कुढत चढ संपवला.

फाटकाशी अण्णा उभे होते. सकाळपासून तिथंच असावेत, कारण हातातलं वर्तमानपत्र घामानं मऊ झालं होतं. त्यांनी गाडीला हात लावला, मग मुलीच्या डोक्याला, आणि तोंड फिरवून आत गेले.

देवघरात अव्वा सकाळी जिथं होती तिथंच बसली होती. जेवली नव्हती. समई तशीच काळी. महानंदा भिंतीला धरून तिच्या शेजारी खाली बसली, कॅलिपरचा पाय पुढं पसरून.

"गाडी कुठं थांबली?" अव्वानं विचारलं.

"कुठंच नाही."

"पडली नाहीस कुठं? लागलं नाही?"

"काही नाही झालं, अव्वा. काहीच नाही."

अव्वानं तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग हात पुढं केला आणि त्या पायावर, कॅलिपरच्या दोन पट्ट्यांच्या मधे ठेवला. महानंदाला आठवत होतं तेव्हापासून अव्वा त्या पायाला कधी हात लावत नसे. तेल लावायचं तरी अण्णा लावायचे.

"मग हे कशानं झालं गं?" अव्वानं विचारलं.

महानंदाला हुंदका आवरला नाही.

"तापानं, अव्वा. नुसता ताप आला होता."

"नुसता ताप," अव्वा म्हणाली. मग काड्याची पेटी उघडून तिनं काडी ओढली.